स्वयंसेवक अग्निशमन दलासाठी पेजिंग यंत्रणा: आराखडा आणि चाचणी

पेजिंग यंत्रणेचा आराखडा करायला बसलेला माणूस बहुधा टॉवरच्या उंचीपासून सुरुवात करतो. माझ्या मते सुरुवात पलंगाशेजारच्या टेबलापासून करावी. जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया येथील ग्रामीण भागात बंबावर जाणारे बहुसंख्य लोक पूर्णवेळ जवान नसतात. कोणी सुतारकाम करतो, कोणी शाळेत शिकवतो, आणि वर्दी (मदतीसाठी बोलावणारी खबर) आली की हातातले काम टाकून केंद्राकडे धावतो. आपल्याकडे जवान केंद्रातच असतात, तिथे घंटा वाजवली की काम होते. त्यामुळे पेजर म्हटले की मराठी वाचकाला १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कमरेला लावून मिरवलेली आणि मोबाईल स्वस्त होताच अडगळीत गेलेली डबी आठवते. पण ज्याला उठवायचे आहे तो माणूस गावभर विखुरलेल्या तीस घरांपैकी एकात झोपलेला असेल, तर त्या डबीला आजही तोडीस तोड पर्याय सापडणे अवघड आहे. एका प्रक्षेपणात हजारो माणसांना एकाच क्षणी हाक जाते, वादळात मोबाईलचे जाळे कोंडले तरी तिला फरक पडत नाही, आणि उंचावरच्या मोजक्या ट्रान्समीटरांवर अख्खा जिल्हा भागतो.

तिची उणीवही तितकीच ठळक आहे. साधा पेजर फक्त ऐकतो, उत्तर देत नाही. हाक पोहोचली की नाही हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही, आणि न पोहोचलेली हाक कोणतीही खूण मागे ठेवत नाही. म्हणून अशा यंत्रणेचा भरवसा तिच्या आत शोधायचा नसतो. तो बाहेरून, वेगळ्या रिसीव्हरांनी आणि मोजलेल्या चाचण्यांनी सिद्ध करावा लागतो. पुढे जे लिहिले आहे त्यातील बराचसा भाग याच एका अडचणीभोवती फिरतो.

आधी अपेक्षा आकड्यांत लिहा

“संपूर्ण जिल्ह्यात चांगले कव्हरेज असावे” हे वाक्य निविदेत असेल तर कंत्राटदार कधीच हरत नाही. अपेक्षा अशी लिहावी की ती खोटी ठरवता येईल: नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याने वर्दी पाठवण्याचे बटण दाबल्यापासून दहा सेकंदांच्या आत, नोंदलेल्या घरांपैकी ९५ टक्के घरांत, कमरेला लावलेला किंवा पलंगाजवळ ठेवलेला पेजर पहिल्याच प्रयत्नात वाजला पाहिजे. इथे “घरांत” हा शब्द महत्त्वाचा आहे. रस्त्यावर मोटारीच्या टपावर अँटेना लावून काढलेला नकाशा देखणा असतो, पण झोपायला टपावर कोणी जात नाही. घड्याळ कोठून कोठपर्यंत चालवायचे तेही ठरवून घ्यावे, कारण ट्रान्समीटर बनवणारा ते संदेश आपल्या यंत्रात आल्यापासून मोजतो आणि सॉफ्टवेअर बनवणारा तो आपल्या रांगेतून बाहेर पडेपर्यंतच मोजतो; मधले पाच सेकंद कोणाच्याच खात्यात पडत नाहीत.

संकेतप्रणालीचा हिशोब हाताने करून पाहा

आपत्कालीन पेजिंगमध्ये दोन प्रणाली प्रामुख्याने भेटतात. पहिली पॉकसॅग, ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती आकाराला आली आणि तिचे नाव ज्या सल्लागार गटाने ती ठरवली त्याच्या आद्याक्षरांवरून पडले. ती सेकंदाला ५१२, १२०० किंवा २४०० बिट या वेगाने चालते. दुसरी मोटोरोलाची १९९३ मधली फ्लेक्स, जी १६०० ते ६४०० बिटपर्यंत जाते आणि जिच्यात संदेशाचे बिट एकमेकांत मिसळून पाठवले जात असल्याने क्षणभर सिग्नल बुडाला तरी एकाच शब्दाचे सगळे बिट एकदम जात नाहीत. नेदरलँड्सचे पी-२००० हे देशव्यापी जाळे १६९.६५ मेगाहर्ट्झवर फ्लेक्समध्ये चालते. जिल्ह्यापुरत्या नव्या यंत्रणेसाठी मी अजूनही १२०० बिटचे पॉकसॅग निवडतो, कारण ते एका कागदावर समजते आणि रात्री तीन वाजता बिघाड शोधणाऱ्या माणसासाठी हा मोठा गुण आहे.

तो कागद असा. प्रत्येक प्रक्षेपणाच्या आरंभी एक-शून्य-एक-शून्य असे किमान ५७६ बिट जातात, ज्यांनी झोपलेला पेजर जागा होतो. त्यानंतर बॅचेस येतात. एका बॅचमध्ये ३२ बिटांचा एक ताळमेळाचा कोडवर्ड आणि त्यामागे प्रत्येकी दोन कोडवर्डच्या आठ फ्रेम, म्हणजे एकूण १७ कोडवर्ड किंवा ५४४ बिट असतात. पेजरचा पत्ता २१ बिटांचा असतो. त्यातले १८ बिट कोडवर्डमध्ये जातात आणि उरलेल्या तीन बिटांवरून, म्हणजे पत्त्याला आठने भागून उरणाऱ्या बाकीवरून, तो पेजर कोणत्या फ्रेममध्ये कान उघडेल हे ठरते. समजा पत्ता १२३४५६७ आहे. आठने भागले की बाकी ७ उरते, म्हणून हा पेजर बॅचमधल्या शेवटच्या फ्रेमचीच वाट पाहणार.

आता त्याला ८० अक्षरांची वर्दी पाठवू. अक्षरामागे सात बिट धरले तर ५६० बिट झाले. एका कोडवर्डमध्ये संदेशाचे २० बिट मावतात, म्हणून २८ कोडवर्ड, अधिक पत्त्याचा एक, असे २९. पण पहिल्या सात फ्रेममधले १४ कोडवर्ड या पेजरसाठी रिकामेच जातील, म्हणून २९ आणि १४ मिळून ४३, म्हणजे तीन बॅचेस. आरंभीचे ५७६ आणि तीन बॅचेसचे १६३२ मिळून २२०८ बिट. १२०० च्या वेगाने याला १.८४ सेकंद लागतात, ५१२ च्या वेगाने ४.३ सेकंद. हाच पत्ता पहिल्या फ्रेममधला असता तर दोन बॅचेसमध्ये काम झाले असते आणि १२०० च्या वेगाने १.३९ सेकंद पुरले असते.

या हिशोबावरून लगेच एक निर्णय निघतो. तीस जणांना तीस वेगवेगळ्या पत्त्यांवर तोच मजकूर पाठवला, तर ८७० कोडवर्ड म्हणजे किमान ५५ बॅचेस लागतात आणि एकट्या एका वर्दीला पंचवीस सेकंदांहून अधिक वेळ जातो. त्याऐवजी प्रत्येक पेजरमध्ये केंद्राचा एक सामायिक पत्ता भरावा, वर्दी त्या एकाच पत्त्यावर द्यावी, आणि वैयक्तिक पत्ता केवळ अधिकाऱ्यांना बोलावण्यापुरता व चाचणीपुरता ठेवावा. हे इतके उघड वाटते की सांगण्याची गरज नसावी. तरीही “प्रत्येकाला स्वतंत्र हाक गेल्याची नोंद हवी” असा आग्रह धरणारा एखादा प्रशासक प्रत्येक प्रकल्पात भेटतोच. ती नोंद पाठवल्याची असते, मिळाल्याची नव्हे, हे त्याला पहिल्याच बैठकीत शांतपणे समजावावे.

चुका दुरुस्त करण्याची सोय प्रत्येक कोडवर्डमध्ये आहे: २१ बिट माहितीचे (त्यातला एक, हा कोडवर्ड पत्त्याचा की संदेशाचा एवढेच सांगणारा), १० तपासणीचे आणि एक समतेचा (पॅरिटी), आणि त्यांच्या आधारे पेजर एका कोडवर्डमधील दोन बिटांपर्यंतची चूक सुधारू शकतो. संदेशातला एखादा कोडवर्ड हातचा गेला तर जेमतेम तीन अक्षरे बिघडतात. पत्त्याचा कोडवर्ड गेला तर मात्र संपूर्ण वर्दीच हरवते. म्हणून वर्दी पुन्हा पाठवावी, पण लागलीच नव्हे. पहिल्या प्रयत्नात ९५ टक्के यश असेल आणि दुसरा प्रयत्न खरोखर स्वतंत्र असेल तर यश ९९.७५ टक्क्यांवर जाते. ही स्वतंत्रता मिळण्यासाठी मध्ये अर्धा ते एक मिनिट जाऊ द्यावे, म्हणजे माणूस हलतो, दार उघडतो, मोटार वळणापुढे जाते. तळघरात खाटेवर पडलेल्या माणसासाठी दुसरा प्रयत्न पहिल्याइतकाच निरुपयोगी असतो, आणि त्याच्यासाठीचे उत्तर सिग्नलच्या हिशोबात शोधावे लागते.

सिग्नल किती हवा

पेजरची अँटेना म्हणजे डबीच्या आतले तारेचे किंवा पट्टीचे एक लहान वेटोळे. म्हणून त्याची संवेदनशीलता व्होल्टमध्ये न देता विद्युतक्षेत्राच्या तीव्रतेत, मीटरमागे मायक्रोव्होल्टमध्ये देतात, आणि ती दिशेनुसार व शरीराच्या सान्निध्यानुसार बदलते. प्रयोगशाळेत माणसाऐवजी मिठाच्या पाण्याने भरलेले ॲक्रिलिकचे उंच नळकांडे उभे करून त्याला पेजर बांधतात आणि ते फिरवत मोजमाप घेतात. आपण ते नळकांडे आणू शकलो नाही तरी त्यामागचा धडा घ्यावा: टेबलावर उभा ठेवलेला पेजर आणि कमरेला लावलेला पेजर यांची मोजमापे वेगवेगळी समजावीत आणि दोन्ही घ्यावीत.

समजा तुमच्या पेजरला ५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर पुरतात. एक मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या तुलनेत हे डेसिबलमध्ये १४ होतात. जाड भिंतींच्या घरासाठी २० डेसिबल धरा. भूभागाच्या चढउतारामुळे जागोजागी सिग्नल कमीजास्त होतो. त्याचे प्रमाण विचलन ८ डेसिबल मानले आणि ९५ टक्के जागा साधायच्या ठरवल्या तर आणखी १३ डेसिबल लागतात. बेरीज ४७ डेसिबल, म्हणजे रस्त्यावर सुमारे २२४ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. पेजरला लागणाऱ्या सिग्नलच्या जवळजवळ पंचेचाळीसपट सिग्नल बाहेर असला पाहिजे, हे पाहून नवखा अभियंता दचकतो आणि ट्रान्समीटरची शक्ती वाढवायला निघतो. शक्ती दुप्पट केल्याने तीनच डेसिबल मिळतात. त्याच पैशांत डोंगराच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक लहान ठिकाण उभारले तर सावलीतली दरी उजळते. आणि एखाद-दुसऱ्या हट्टी घरासाठी बाहेरच्या अँटेनाला जोडता येणारा चार्जर द्यावा. रात्री पेजर त्यात बसवला की त्याला खिडकीबाहेरचे ऐकू येते. पाच-सहा घरांसाठी टॉवर उभारण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे आहे.

सगळे एकदम बोलतील की पाळीपाळीने

एकाहून अधिक ट्रान्समीटर आले की हा प्रश्न टळत नाही. पाळीपाळीची पद्धत सोपी आहे: एक ठिकाण संपले की दुसरे सुरू होते, कोणाचा कोणाला त्रास नाही, घड्याळे काटेकोर जुळवण्याची गरज नाही. पाच ठिकाणांना वरची वर्दी द्यायला ९.२ सेकंद लागतात, जे दहा सेकंदांच्या मर्यादेत कसेबसे बसतात, आणि तेही ट्रान्समीटर चालू-बंद होण्याचा वेळ न धरता. ज्या ठिकाणांची क्षेत्रे एकमेकांना शिवत नाहीत त्यांना एकाच पाळीत बसवून पाचाच्या तीन पाळ्या केल्या तर साडेपाच सेकंद होतात. एरवी हे पुरते. पण वादळाच्या रात्री दहा मिनिटांत किती वर्द्या निघतील हे विचारा. पाच पाळ्यांत, प्रत्येक वर्दी दोनदा पाठवायची म्हटली तर दहा मिनिटांत ३२ वर्द्या मावतात; तीन पाळ्यांत ५४; सगळी ठिकाणे एकदम बोलली तर १६३. तुमच्या जिल्ह्याच्या जुन्या नोंदींतली सर्वांत वाईट रात्र काढा आणि तिच्या दुप्पट आकडा समोर ठेवून यांतील निवड करा. तीस-पस्तीस गावांच्या शांत जिल्ह्याला मी पाळीपाळीचीच पद्धत सुचवेन, कारण जे नसते ते बिघडत नाही.

एकदम प्रक्षेपण करायचे ठरले तर दोन गोष्टी अचूक लागतात. पहिली वेळ. ज्या पट्ट्यात दोन ठिकाणांचे सिग्नल सारख्याच जोराने पोहोचतात तिथे त्यांच्या बिटांतला फरक बिटाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नसावा असा ठोकताळा आहे. १२०० च्या वेगाला एक बिट ८३३ मायक्रोसेकंदांचा, म्हणून मर्यादा २०८ मायक्रोसेकंद. रेडिओलहरीला किलोमीटरमागे ३.३ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा अंतराचा फारसा धोका नाही. धोका आहे तो ट्रान्समीटरांपर्यंत मजकूर नेणाऱ्या डेटा लिंकचा, जिथला विलंब सहज दहा-वीस हजार मायक्रोसेकंदांनी डोलतो. म्हणून मजकूर आधी पोहोचवून ठेवायचा आणि “अमुक क्षणी सुरू करा” अशी वेळ त्यावर लिहायची. तो क्षण प्रत्येक ठिकाण जीपीएसच्या घड्याळावर ओळखते. जीपीएस गेले तर आतले घड्याळ किती काळ तग धरेल याचा हिशोब आधीच करून ठेवावा. दहा लाखांत एक इतकी चूक करणारे साधे स्फटिक-घड्याळ साडेतीन मिनिटांत ही मर्यादा ओलांडते. अब्जात एक चूक करणारे, गरम पेटीत ठेवलेले घड्याळ अडीच दिवसांच्या आसपास टिकते. दोहोंच्या किमतीतला फरक प्रकल्पाच्या एकूण खर्चात दिसतही नाही.

दुसरी गोष्ट वारंवारता. सर्व ट्रान्समीटर तंतोतंत एकाच वारंवारतेवर असले तर काही जागी दोन लहरी एकमेकींना कायमच्या खोडतात आणि नेमक्या तिथे कोणाचे तरी घर असते. म्हणून शेजारच्या ट्रान्समीटरांत मुद्दाम थोड्या हर्ट्झचा फरक ठेवतात, म्हणजे ती मृत जागा एका ठिकाणी ठाण मांडून न बसता सरकत राहते.

याच संदर्भात एक प्रसंग. आमच्या एका यंत्रणेत एका टेकडीवरचा ट्रान्समीटर बदलला गेला. शक्ती बरोबर, वारंवारता बरोबर, टॉवरखालचा तपासणी रिसीव्हर सगळे संदेश नीट वाचत होता. तरी मधल्या खोऱ्यातील दोन गावांत पेजर मुके झाले, आणि टेकडीच्या अगदी पायथ्यालाही ते वाजेनात. पॉकसॅगमध्ये मध्य वारंवारतेच्या साडेचार किलोहर्ट्झ वर शून्य आणि तेवढेच खाली एक असे ठरलेले आहे. नव्या यंत्राच्या मागच्या जोडणीत ते उलटे झाले होते. तपासणी रिसीव्हरचे सॉफ्टवेअर सुलट आणि उलट दोन्ही आपोआप ओळखणारे असल्याने त्याला काहीच वावगे दिसले नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की तपासणी रिसीव्हर हा लोकांच्या हातातल्या पेजरहून हुशार असता कामा नये.

लिंक, वीज आणि रांग

नियंत्रण कक्षापासून ट्रान्समीटरपर्यंत दोन वाटा हव्यात हे सर्वांना ठाऊक असते. त्या दोन्ही वाटा एकाच चरातून, एकाच कंपनीच्या केबलमधून जात नाहीत ना हे मात्र चर उकरेपर्यंत कोणी पाहत नाही. एक वाट फायबरची आणि दुसरी मायक्रोवेव्ह किंवा उपग्रहाची ठेवावी. दोन्ही तुटल्या तर केंद्रातल्या माणसाला जवळच्या ट्रान्समीटरवर साध्या रेडिओने वर्दी घालता येईल अशी तिसरी, खेडवळ वाट ठेवण्याचा आग्रह धरावा. वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालते हे माहितीपत्रकातून न घेता मुख्य स्विच पाडून मोजावे, कारण चार वर्षांची बॅटरी कागदावरच तरुण राहते.

संदेश देवाणघेवाणीचे जुने शिष्टाचार, टॅप असो की एसएनपीपी, “स्वीकारले” असे उत्तर देतात. त्याचा अर्थ पेजिंग यंत्राने रांगेत घेतले एवढाच होतो. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर त्याचे भाषांतर “पोहोचले” असे कधीही करू नये. त्या रांगेत वर्दीला अग्रक्रम असावा आणि मासिक सभेच्या आमंत्रणांनी तिच्यापुढे उभे राहू नये. ट्रान्समीटर चालू अवस्थेत अडकला तर तो सगळी वारंवारता गिळून बसतो, म्हणून ठरावीक सेकंदांनंतर त्याला तोडणारा, सॉफ्टवेअरवर न विसंबणारा टायमर प्रत्येक ठिकाणी बसवावा. शिवाय दर दोन-तीन मिनिटांनी एक रिकामे लघु प्रक्षेपण करत राहावे. ते ऐकू येईनासे झाले की पेजर स्वतःच “कक्षेबाहेर” असे कुरकुरतो. एकमार्गी यंत्रणेत वापरणाऱ्याला मिळणारी ही एकमेव प्रामाणिक बातमी आहे.

मजकुराची मांडणीही आराखड्याचाच भाग समजावी. जे शेवटी येते ते तुटते, म्हणून ठिकाण आणि घटनेचा प्रकार आधी, कर्मचाऱ्याचे नाव आणि क्रमांक नंतर. सात बिटांच्या अक्षरसंचात देवनागरी नाही. जर्मन दलांनाही आपली टिंबवाली अक्षरे चौकटी कंसांच्या जागी बसवावी लागली आहेत. मजकूर उघडा जातो हे विसरू नये. स्वस्त यूएसबी रिसीव्हर आणि फुकटचे सॉफ्टवेअर घेऊन कोणीही तो वाचू शकतो. पी-२००० वरच्या वर्द्या तर लोक संकेतस्थळांवर सर्रास पाहतात. म्हणून रुग्णाचे नाव व आजार पेजरवर पाठवू नये, किंवा जर्मनीत वापरात आहेत तसे कूटबद्ध पेजर घ्यावेत, आणि घेतल्यास चाव्या बदलण्याचे काम कोणाचे हे त्याच दिवशी ठरवावे.

चाचणी

पहिली चाचणी टेबलावर, अँटेना न लावता, डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषणारा भार) आणि ॲटेन्युएटर (सिग्नल मोजून कमी करणारे साधन) घेऊन करावी. सिग्नल हळूहळू कमी करत न्यावा आणि दहापैकी आठ हाका लागण्याची पातळी प्रत्येक पेजरसाठी नोंदवावी. नव्या खोक्यातले दोन-चार पेजर बाकीच्यांहून सहा-सात डेसिबलने बहिरे निघतात आणि ते वाटण्यापूर्वीच कळलेले बरे. हवेत प्रक्षेपण करण्यासाठी परवाना लागतो. हौशी रेडिओचा परवाना असलेल्यांनी जर्मनीतील आखेन येथे सुरू झालेल्या डॅपनेट या हौशी पेजिंग जाळ्याचा अभ्यास जरूर करावा, कारण त्यात पॉकसॅगची सगळी अंगे हाताळायला मिळतात. मात्र ते ४३९.९८७५ मेगाहर्ट्झवर चालते आणि भारतातील हौशी पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असल्याने ती वारंवारता आपल्याकडे जशीच्या तशी वापरता येत नाही.

दुसरी चाचणी पायी. क्रमांक घातलेले संदेश, “चाचणी ०४१७” अशा साध्या मजकुराचे, दर वीस सेकंदांनी सोडत ठेवावेत आणि कमरेला पेजर लावून घराघरांत फिरावे: न्हाणीघर, तळघर, गोठा, दुकानामागची शीतखोली, पत्र्याची कार्यशाळा. संध्याकाळी पेजरमधले क्रमांक वाचले की कोणते गळले ते कळते, आणि फिरण्याची वेळ-जागा जुळवली की कोठे गळले तेही कळते. ही चाचणी अभियंत्याने एकट्याने करू नये. घर ज्याचे आहे त्यालाच विचारावे की तो रात्री पेजर कोठे ठेवतो. उत्तर बऱ्याचदा “स्वयंपाकघरात, फ्रिजवर” असे येते आणि नकाशावरचे सगळे रंग फिके पडतात.

किती हाका म्हणजे पुरेशी चाचणी, याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. एका परिस्थितीत ६० हाका सोडल्या आणि एकही चुकली नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की चुकण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. ३०० बिनचूक हाकांनंतर ते एक टक्का होते, आणि हजारात एक असे म्हणायचे तर ३००० हाका लागतात. ठोकताळा सोपा आहे: तीनाला हाकांच्या संख्येने भागा. स्वीकृती-चाचणीच्या अहवालात “दहापैकी दहा” असे लिहिलेले दिसले तर तो अहवाल परत पाठवावा, कारण दहा हाकांनी तीस टक्क्यांखालचे काहीही सिद्ध होत नाही.

तिसरी चाचणी मोडतोडीची. भर दुपारी, सर्वांना कळवून आणि मोबाईलवर पर्यायी निरोपाची व्यवस्था ठेवून, एकेक गोष्ट खरोखर तोडावी: फायबर उपसा, जीपीएसची अँटेना काढा, मुख्य वीज पाडा, सर्व्हरची डिस्क भरून टाका, पेजिंग यंत्र संदेशाच्या मधोमध बंद करा. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहाव्यात: वर्दी गेली का, किती उशिराने गेली, आणि बिघाड झाल्याचे नियंत्रण कक्षाला आपण फोन करण्याआधी कळले का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या वर्षी बहुतेक वेळा “नाही” असे येते. पर्यायी वाट आपोआप चालू झाली, कोणाच्या लक्षात आले नाही, आणि महिनाभर यंत्रणा एकाच पायावर उभी होती, हा या क्षेत्रातला सर्वांत नेहमीचा अपघात आहे.

यानंतर कायमची चाचणी सुरू होते. क्षेत्राच्या कडेला आणि दोन ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यात तीन-चार तपासणी रिसीव्हर बसवावेत. टॉवरच्या खोलीत नकोत, तिथे तुटलेल्या अँटेनाचाही सिग्नल भरपूर मिळतो. त्यांनी ऐकलेला प्रत्येक संदेश नियंत्रण कक्षाच्या नोंदीशी आपोआप जुळवावा आणि दहा सेकंदांत जोडी लागली नाही तर कर्मचाऱ्यापुढे लाल दिवा लागावा. दोन्हीकडची घड्याळे एकाच वेळेवर चालत नसतील तर मोजलेला उशीर निरर्थक ठरतो, हे आधी पाहावे. संदेश मिळाला की नाही एवढ्यावर न थांबता सिग्नलची पातळीही रोज लिहून ठेवावी. अँटेनाच्या केबलमध्ये पाणी शिरते तेव्हा एका रात्रीत काही बंद पडत नाही. पावसाळाभर आठवड्याला अर्धा डेसिबल असा सिग्नल झिजत जातो, आणि आलेखावरची ती उतरती रेघ पाहून एक माणूस शिडी घेऊन वेळेवर टॉवरवर जाऊ शकतो.

लोकांच्या हातातल्या पेजरसाठी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी चाचणी-हाक द्यावी, आणि ज्याचा वाजला नाही त्याने कळवायचे असा नियम न करता ज्याचा वाजला त्याने केंद्रातल्या पाटीवर खूण करायची असा करावा, कारण खणात पडलेल्या पेजरचा मालक तक्रार करायला येत नाही. तीन आठवडे ज्याच्या नावापुढे खूण नाही त्याच्या घरी नवी बॅटरी घेऊन जावे, आणि गेल्यावर घराला पत्र्याचे नवे छप्पर चढले आहे का तेही पाहून यावे.